नवा छोटा ट्रॅक्टर, नवा रोटा: शेतात उतरवण्याआधी

उन्हाळी मशागतीचे दिवस आले की धर्मापुरी, परळी, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या वाचकांचे प्रश्न ट्रॅक्टरकडे वळतात. कापूस-सोयाबीनच्या पाच-सात एकरांना मोठा ट्रॅक्टर परवडत नाही आणि बैलजोडी सांभाळणं त्याहून अवघड झालं आहे. म्हणून १५ ते २८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि मागे तीन-चार फुटी रोटाव्हेटर, म्हणजे रोटा, ही जोडी दारात येते. मग विचारणा सुरू होते. ‘डीलरचा माणूस रोटा जोडून, चहा पिऊन गेला, आता आम्ही बघायचं काय?’ ‘शाफ्टवरचं प्लास्टिकचं नळकांडं सारखं अडतं, काढून टाकू का?’ ‘ट्रॅक्टर तर आणला, आता अनुदानाचा अर्ज टाकू का?’ ‘लेकराला मडगार्डवर बसवलं तर काय बिघडतं?’

पहिल्या प्रश्नासाठी हा लेख आहे. दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आणि चौथ्याचं ‘बरंच काही’.

परदेशात बंगल्यापुढचं गवत कापायला बसून चालवायचं छोटं यंत्र वापरतात. त्याच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला की यंत्र आपोआप बंद पडतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांवर ही सोय नसते. तुम्ही खाली उतरलात तरी इंजिनची ताकद मागे पोचवणारा पीटीओ आणि त्यावरचा रोटा फिरतच राहतो. पात्यांचा धोका सीटवर बसलेल्या माणसाला कमी आणि अडकलेलं पाचट काढायला उतरलेल्या माणसाला फार जास्त असतो. त्यामुळे तो स्विच तुमच्या सवयीत बसवावा लागतो:

पीटीओ बंद, रोटा जमिनीला टेकलेला, इंजिन बंद, चावी खिशात, पाती पूर्ण थांबलेली. मगच रोट्याजवळ जायचं.

पुढे जे सांगतो आहे ते मुख्यतः यासाठी, की चालू यंत्रावरून उतरायची वेळच कमी यावी.

पैसे देण्याआधी

अनुदान हवं असेल तर क्रम उलटा करू नका. कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर आधी करायचा, निवड झाल्यावर कागदपत्रं चढवायची, पूर्वसंमती पत्र हातात पडलं की मगच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही. ‘घेऊन जा, कागदाचं नंतर बघू’ म्हणणारा विक्रेता स्वतःची विक्री बघत असतो. यंत्राचा तपासणी अहवाल मागा आणि पैसे बँकेतूनच द्या.

जोड जुळते का, हेही याच टप्प्यावर ठरतं. ढोबळमानाने १५ ते १८ अश्वशक्तीला तीन फुटी आणि २४ ते २८ अश्वशक्तीला चार फुटी रोटा ठीक. शेजाऱ्याकडे पाच फुटी आहे म्हणून तोच घेतलात तर इंजिन दमतं. त्याहून वाईट म्हणजे रोटा उचलला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. ट्रॅक्टरच्या तोंडाशी बसवायची वजनं लागतील का, हे डीलरला विचारा आणि लागत असतील तर ती बिलातच धरायला लावा.

उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान मिळत असेल तर घ्याच. ती काही मॉडेलांवर घडीची असते. कमान उभी असेल तर सीटबेल्ट लावायचा. कमान नसेल, किंवा झाडाखालून जाताना ती पाडलेली असेल, तर बेल्ट लावायचा नाही. अनेकांना हे उलटं वाटतं. कमानीच्या आत बांधलेला माणूस वाचतो; कमान नसताना बांधलेला माणूस यंत्राखाली जातो.

ताबा घेताना

डिलिव्हरीच्या दिवशी घरात उत्साह असतो. हार, नारळ, लिंबू-मिरची, कोणी पेढे वाटतं, कोणी रील काढतं. ते सगळं जरूर करा. आता पोळ्याला बैलांशेजारी ट्रॅक्टरही सजतात. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. हार रेडिएटरपुढे किंवा पंख्याच्या पट्ट्याजवळ लोंबू देऊ नका. आणि ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ हे स्टिकर धोक्याच्या सूचनेवर चिकटवू नका. फिरत्या शाफ्टचं आणि पात्यांचं ते पिवळं-काळं चित्र वाचता न येणाऱ्या गड्यालाही कळतं, म्हणूनच ते तिथं आहे.

डीलरचा माणूस जाण्याआधी, त्याच्यासमोर, एवढं तपासा:

- बिलावरचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि रोट्याचा अनुक्रमांक यंत्रावरच्या क्रमांकांशी जुळतो का.
- वॉरंटी कार्डावर तारीख, सही आणि शिक्का आहे का. पुस्तिका मराठीत मागा. नसेल तर ‘दिली नाही’ असं डिलिव्हरीच्या कागदावर लिहा.
- इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक तेल. रोट्याच्या गिअर बॉक्समध्ये आणि बाजूच्या चेन किंवा गिअरच्या डब्यात तेल भरलं आहे, असं गृहीत धरू नका. झाकण उघडून पाहा.
- टायरमधली हवा. दोन्ही मागच्या टायरांत सारखी आणि पुस्तिकेत दिली आहे तेवढी. एका बाजूला कमी असेल तर रोटा तिरका चालतो आणि उतारावर ट्रॅक्टर त्या बाजूला कलतो.
- दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी नीट बसते का. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो का.
- हँडब्रेक उतारावर ट्रॅक्टर धरतो का.
- गिअर किंवा पीटीओ पडलेला असताना स्टार्टर फिरतो का. क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल केल्याशिवाय चालू होऊ न देणारा स्विच तुमच्या मॉडेलला असेल, तर तो चालतो की नाही हे आजच बघा.

नोंदणी आणि किमान तृतीय पक्ष विमा झाल्याशिवाय रस्त्यावर उतरवू नका. ट्रॉली घेतली असेल तर तिची नोंदणी वेगळी असते.

रोटा जोडताना

डीलरने जोडून दिलेला रोटा एकदा सोडून घ्या आणि तुमच्या हाताने पुन्हा जोडा. पहिल्या पावसानंतर घाईच्या दिवशी हे काम तुम्हालाच करायचं आहे.

सपाट, कडक जागा निवडा. ट्रॅक्टर मागे घेताना मध्ये कोणी उभं राहायचं नाही; ‘ये ये, अजून थोडं’ म्हणणारा माणूस बाजूला, तुम्हाला दिसेल असा हवा. इंजिन बंद करून आधी डावा खालचा आर्म, मग उजवा (तो कमी-जास्त करता येतो), मग वरचा टॉप लिंक. प्रत्येक पिनेला तिची क्लिप. क्लिपेऐवजी तारेचा तुकडा किंवा खिळा घालण्याची रीत गावोगाव आहे. तार तुटते, पिन निसटते आणि फिरता रोटा एका आर्मावर लोंबकळतो. जास्तीच्या क्लिपा टूलबॉक्समध्ये ठेवा. दोन्ही बाजूंच्या साखळ्या ताणून घ्या, म्हणजे रोटा डावी-उजवीकडे हेलकावणार नाही आणि चाकाला घासणार नाही.

शाफ्ट सगळ्यात शेवटी. हा शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो, आणि नव्या यंत्रात सर्वात जास्त चूक इथं होते. तो लांब पडला, तर रोटा वर-खाली होताना दोन्ही नळ्या एकमेकींना टेकतात आणि ट्रॅक्टरचं किंवा रोट्याचं बेअरिंग फुटतं. आखूड पडला, तर नळ्या सुटतात आणि मोकळा दांडका फिरत सुटतो. शाफ्ट लावण्याआधी रोटा पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत टप्प्याटप्प्याने उचलत अंतर मोजा. सर्वात जवळच्या स्थितीत नळ्यांना दोन-तीन सेंटिमीटर सरकायला जागा उरली पाहिजे आणि सर्वात लांबच्या स्थितीत निदान एकतृतीयांश नळी आत राहिली पाहिजे. कापावा लागला तर दोन्ही नळ्या आणि वरचं प्लास्टिक सारखंच कापायचं आणि धार कानसीने घासायची. हे काम डीलरच्या मेकॅनिककडून, त्याच्या खर्चाने करून घ्या. जोडणी विक्रीचाच भाग आहे.

शेवटी लॉक बसल्याचा ‘टक्’ आवाज आला तरी शाफ्ट दोन्ही टोकांना ओढून पाहा.

ते प्लास्टिकचं नळकांडं

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर २० सेंटिमीटर धरला तर एका सेकंदात जवळजवळ पावणेदोन मीटर कापड त्यावर गुंडाळलं जातं. नऊवारी साडी पाच सेकंदांत संपते. माणसाला ‘अरे’ म्हणून हात मागे घ्यायलाही तेवढा वेळ मिळत नाही, कारण पदर अडकल्यानंतर ओढणारं इंजिन २० अश्वशक्तीचं असतं.

नळकांडं शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना छोट्या साखळ्या असतात. एक ट्रॅक्टरला, एक रोट्याला अडकवायची. ‘सारखं अडतं’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या साखळ्या बहुधा लावलेल्याच नसतात. साखळी लावली की नळकांडं थांबून राहतं आणि आतला शाफ्ट फिरतो. तडकलं तर नवं घ्या. ट्रॅक्टरच्या बाजूचं पीटीओवरचं टोपण आणि रोट्यामागची लोंबती फळी हीसुद्धा संरक्षणं आहेत. फळी वर बांधून चालवलात तर दगड मागे गोळीसारखे सुटतात.

कपड्यांचं उघड आहे, तरी सांगतो. खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातला रुमाल, लोंबतं धोतर, ओढणी, मोकळा पदर यांपैकी काहीही घेऊन चालू शाफ्टजवळ जायचं नाही. बाईमाणसं पाणी-भाकरी घेऊन बांधावर आली की आधी ट्रॅक्टर बंद, मग भाकरी.

पहिला तास

पहिल्यांदा मोकळ्या, ओळखीच्या, बिनदगडी तुकड्यात चालवा.

1. रोटा जमिनीपासून जरा वर ठेवून, इंजिन हळू ठेवून पीटीओ टाका. खडखड, घासल्याचा आवाज, थरथर असेल तर थांबवा.
2. क्लच ओळखा. एकेरी क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. दुहेरीत अर्ध्यावर चाकं थांबतात, पीटीओ पूर्ण दाबल्यावर. घरातले जे जे चालवणार आहेत त्या सगळ्यांना हे करून दाखवा. आणि पीटीओ सोडल्यावरही पाती काही क्षण फिरत राहतात, तेही डोळ्यांनी बघू द्या.
3. काही मॉडेलांना पीटीओचे दोन वेग असतात. ५४० वरच सुरुवात करा.
4. आधी कमी खोली, कमी गिअर. वळणावर रोटा उचलायच्या आधी पीटीओ बंद. उचललेल्या रोट्याचा शाफ्ट तिरका होतो, आणि तिरक्या शाफ्टवर जोर आला की त्याचा क्रॉस मोडतो.
5. तास झाला की सगळं बंद करून पात्यांचे आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. नव्या यंत्रात ते थोडे सैल पडतातच. दहाएक तासांनी पुन्हा एकदा.

रोट्यात जादा जोर आला की तुटावा म्हणून एक बोल्ट दिलेला असतो (काही ठिकाणी त्याऐवजी घसरता क्लच). तो तुटला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. त्याजागी हाताला लागेल तो कडक बोल्ट घालू नका. पुढच्या वेळी गिअर बॉक्स तुटेल.

काळ्या रानात आणखी एक. वाफसा येण्याआधी रोटा घातलात तर माती पात्यांना लपेटते, पाचट आणि पऱ्हाटीची मुळं त्यात गुंततात आणि दर दहा मिनिटांनी उतरून साफ करायची वेळ येते. मग एकदा कंटाळून माणूस यंत्र चालू ठेवूनच उतरतो. वाफशाची वाट पाहणं पिकासाठी चांगलं, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. बोटांसाठीही ते तितकंच चांगलं.

साफसफाई किंवा पाती बदलताना रोटा नुसत्या हायड्रॉलिकवर वर ठेवून त्याखाली जाऊ नका. लिव्हरला धक्का लागला किंवा नळी फुटली की तो खाली येतो. खाली जाड लाकडी ओंडके द्या. तेल कुठून गळतंय हे बोटाने चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. पुठ्ठा धरून बघा.

धुरा, विहीर, उतार

आपल्या भागात बालाघाटचे उतार आहेत, नाल्याकाठची ढासळती रानं आहेत आणि बिनकठड्याच्या विहिरी आहेत. छोटा ट्रॅक्टर अरुंद असतो, कपाशीच्या ओळीत शिरावा म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. त्यामुळे तो आडव्या उतारावर मोठ्यापेक्षा लवकर कलंडतो. आंतरमशागत संपली आणि चाकांमधलं अंतर वाढवता येत असेल तर वाढवून घ्या.

- विहिरीभोवती चुन्याची किंवा दगडांची खूण करा आणि त्या खुणेच्या आत रोटा नेऊच नका. तेवढा तुकडा कुदळीने करा. मागे घेताना विहीर कधीच पाठीशी ठेवू नका.
- नाल्याच्या काठापासून निदान नाल्याच्या खोलीइतकं अंतर सोडा.
- उतारावरून उतरताना गिअरमध्येच उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे ट्रॅक्टर सोडून देणं.
- उभा चढ किंवा खड्डा असेल तर रिव्हर्समध्ये बाहेर काढा. पुढे चढवताना तोंड उचललं तर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत.
- बाभळीचं खोड ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकला किंवा वर अ‍ॅक्सलला बांधली की ट्रॅक्टर मागे उलटतो.
- चिखलात रुतला की मागच्या चाकाला ओंडका बांधून जोर लावतात. हे करू नका. चाक अडतं आणि इंजिनचा सगळा जोर पुढचं तोंड उचलण्यात जातो. रोटा सोडा, माती उकरा, दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

सर्रास दिसणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, रोटा खोल जावा म्हणून त्यावर माणूस किंवा पोरगं बसवणं. वजन लागत असेल तर दगडही नकोत, ते उडतात. खोली रोट्याच्या बाजूला असलेल्या सरकत्या पायाने लावायची असते.

दुसरी, बॅटरी उतरली की खाली उभं राहून पान्याने सेल्फला थेट जोडणं. सगळे सुरक्षा स्विच यात बाजूला पडतात. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर सुरू होतो तो तुमच्या अंगावरून जायलाच.

तिसरी, मडगार्डवरची सवारी. छोट्या ट्रॅक्टरला सीट एकच असते. मागे रोटा फिरत असताना मडगार्डवरून पडलेलं लेकरू कुठं जातं, हे चित्र डोळ्यापुढं आणा. शिवाय अशा सवारीची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असे निकाल न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत.

कोण चालवणार

हलक्या मोटार वाहनाचा परवाना ट्रॅक्टरला चालतो, पण परवाना हवाच आणि वय १८ पूर्ण हवं. गडी ठेवणार असाल तर त्याच्याकडून वर दिलेल्या सगळ्या पायऱ्या करून घ्या. ट्रॅक्टरने शेती करणारा कामगार कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात येतो. कामावर तो जखमी झाला तर जबाबदारी मालकाची. भाड्याने दुसऱ्यांची रानं करणार असाल तर विमा काढतानाच तसं सांगा. केवळ स्वतःच्या शेतीसाठी घेतलेली पॉलिसी अशा वेळी वादात सापडते.

चालवण्याचं नीट शिक्षण हवं असेल तर अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

यंत्रच सदोष निघालं तर

आधी डीलरला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, दोषाचे फोटो-व्हिडिओ ठेवा. फोनवरच्या ‘उद्या माणूस पाठवतो’ला पुरावा नसतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

- २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, तुमचा आयोग बीडचा.
- दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग; ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं.
- पोटापाण्यासाठी स्वतः चालवून भाड्याची कामं करत असाल तरी तुम्ही ग्राहकच राहता. ‘व्यापारी वापर’ म्हणून हाकलून लावलं तर हे दाखवा.
- योग्य सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्याने इजा झाली तर निर्मात्यावर उत्पादन दायित्वाचा दावा होऊ शकतो. पण यंत्रात बदल केलेला असेल किंवा ते चुकीचं वापरलं असेल, तर विक्रेत्यावरचा दावा टिकत नाही. शाफ्टवरचं नळकांडं काढलेलं असणं हा तसा बदल आहे.

पहिली सर्व्हिस पुस्तिकेतल्या तासांवर, बहुधा ५० व्या तासाला, अधिकृत ठिकाणीच करा आणि नोंद घ्या. तास मोजणारा मीटर बंद पडला तर तोही लगेच दुरुस्त करून घ्या, नाहीतर वॉरंटीत वाद होतो.

अपघात झालाच तर

आधी चावी फिरवून इंजिन बंद करा. अडकलेल्या माणसाला ओढू नका आणि रोटा उलटा फिरवून सोडवायचा प्रयत्नही करू नका. शाफ्ट सोडवा, पिना काढा, लागलं तर बोल्ट खोला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्या आणि दाब सोडू नका. हळद, चहापत्ती, डिझेल काहीही लावू नका. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको. १०८ ला फोन करा. या भागातून जवळचं मोठं सरकारी रुग्णालय अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं. दवाखान्यात अपघाताची नोंद खरी लिहायला लावा. ‘पडला’ असं लिहिलं की पुढचे कागद अडतात.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून विमा कंपनी मध्ये नाही, शासनच पैसे देतं. मृत्यू, किंवा दोन अवयव वा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख रुपये. एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वय १० ते ७५. सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्याबरोबर घरातला आणखी एक जण यात बसतो, म्हणून ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाच्या नावावर जमीन नसली तरी अर्ज करा. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि उशीर करायचा नाही. सातबारा, ओळखपत्र, पोलीस पंचनामा किंवा जबाब, दवाखान्याचे कागद सोबत लागतात. ट्रॅक्टरचा परवाना, नोंदणी आणि विम्याच्या प्रतीही त्याच फाइलमध्ये ठेवा. विम्याचा दावा वेगळा, पण कागद एकाच वेळी मागितले जातात.